विश्लेषण : बिघडतो एक ‘कंडेन्सर’, मग टीव्ही भंगारात का जातो?

३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि नवा संच घेणे थोडे सोपे झाले. जुना संच दुरुस्त करून घेणे मात्र होते तितकेच अवघड आहे. लाल दिवा लुकलुकतो, आतून टिक-टिक आवाज येतो, चित्र येत नाही. ‘बोर्ड गेला, आता मिळत नाही’ असे सांगून मेकॅनिक निघून जातो. अनेकदा गेलेला असतो तो बोर्डावरचा एखादा कपॅसिटर. पंख्यामुळे घराघरांत ‘कंडेन्सर’ म्हणून माहीत असलेल्या भागाचाच हा भाऊबंद. पंखा मंदावला म्हणून कोणी पंखा फेकत नाही. टीव्हीचे तसे का होत नाही?

कपॅसिटर खराब का होतो?

घरातली २३० व्होल्टची वीज टीव्हीच्या पॉवर सप्लाय बोर्डावर १२, २४ अशा कमी व्होल्टच्या डीसी विजेत बदलते. त्या विजेतले चढ-उतार सपाट करण्याचे काम इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर करतो. त्याच्या आत द्रव असतो. उष्णतेने तो हळूहळू सुकतो, कधी आत वायू साठून डबीचे डोके फुगते.

त्यावर ‘१०५ अंश, २००० तास’ असे लिहिलेले असते. तापमान १० अंशांनी कमी झाले की आयुष्य साधारण दुप्पट होते, असा ठोकताळा आहे. म्हणजे ६५ अंशांवर तोच कपॅसिटर सुमारे ३२ हजार तास चालेल. रोज सहा तास टीव्ही लावला तर चौदा वर्षांहून अधिक. ८५ अंशांवर आयुष्य ८ हजार तासांवर, म्हणजे साडेतीन वर्षांच्या आसपास येते. बोर्डावर तापणाऱ्या भागाला खेटून बसवलेला कपॅसिटर आणि हवा न खेळणाऱ्या शोकेसमध्ये कोंबलेला टीव्ही, एवढा फरक त्याला पुरतो.

अमेरिकेत हा प्रश्न न्यायालयात गेला होता. २००८ अखेरपर्यंत विकल्या गेलेल्या काही टीव्हींमध्ये कपॅसिटरमुळे संच सुरू व्हायला वेळ लागतो किंवा तो सुरूच होत नाही, अशा तक्रारी होत्या. सॅमसंगने २०१२ मध्ये त्यात तडजोड करून दुरुस्तीचा खर्च उचलला.

दोष ओळखतात कसा?

डोके फुगलेला किंवा बुडाशी तपकिरी डाग असलेला कपॅसिटर नजरेनेच कळतो. फसवतो तो वरून धडधाकट दिसणारा. साध्या मीटरवर त्याची क्षमता ठीक दिसू शकते, पण अंतर्गत रोध वाढलेला असतो. तो ईएसआर मीटर दाखवतो. बदलताना मायक्रोफॅरड तेच, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, १०५ अंशांचा आणि कमी ईएसआरचा कपॅसिटर घ्यावा लागतो. अंगावरचा पट्टा ऋण टोक दाखवतो. तो उलटा बसला तर कपॅसिटर फुटू शकतो. कपॅसिटर बदलूनही टिक-टिक थांबली नाही, तर दोष दुसरीकडे असतो. पॅनेल गेलेले असेल तर दुरुस्ती परवडत नाही, हेही खरे.

एक इशारा आवश्यक आहे. व्हिडीओ पाहून हे घरी करू नये. बोर्डावरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर वीज असते आणि प्लग काढल्यानंतरही ती काही काळ टिकते. जाणकार मेकॅनिक आधी ती रेझिस्टरमधून उतरवतो आणि मीटरवर खात्री करूनच हात लावतो.

मग बोर्डच का बदलतात?

भाग स्वस्त आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत लहान कपॅसिटर चहाच्या किमतीत मिळतो. महाग असतो तो दोष शोधण्याचा वेळ. कंपनीच्या सेवा केंद्राला बोर्ड काढून दुसरा लावणे सोपे पडते. शोधाशोध नको, दुरुस्तीची हमीही देता येते. संचाचे मॉडेल जुने झाले की बोर्ड मिळत नाही, आणि गल्लीतल्या मेकॅनिककडे सर्किटचा नकाशा नसतो.

युरोपीय संघाने नेमके इथेच बोट ठेवले. मार्च २०२१ पासून लागू असलेल्या नियमांनुसार, मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतर किमान सात वर्षे टीव्हीचे सुटे भाग व्यावसायिक दुरुस्ती करणाऱ्यांना मिळाले पाहिजेत. त्या यादीत पॉवर सप्लाय आहे आणि कपॅसिटरचाही नावानिशी उल्लेख आहे. फ्रान्समध्ये २०२१ पासून टीव्हीवर दुरुस्ती-सुलभतेचे गुण छापले जाऊ लागले.

भारतात काय स्थिती?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केले. मे २०२५ मध्ये दुसऱ्या समितीने दुरुस्ती-सुलभता निर्देशांकाचा अहवाल दिला. सुटे भाग, माहिती, अवजारे, उघडण्यातली सोय अशा निकषांवर कंपनीने उत्पादनाला गुण द्यावेत, अशी ही कल्पना. पण त्याचा पहिला भर मोबाइल आणि टॅबलेटवर आहे. शिवाय गुण दिसले तर खरेदीच्या वेळी निवड करता येते; भिंतीवर आधीच टांगलेल्या टीव्हीचा बोर्ड त्यातून मिळत नाही. तोवर ग्राहकाच्या हातात आहे ते एवढेच : संच भंगारात देण्यापूर्वी, कंपोनंट पातळीवर काम करणाऱ्या मेकॅनिकला बोर्ड दाखवणे आणि ‘ईएसआर तपासला का?’ असे विचारणे.