मागे सरकण्याची विद्या

लढतीच्या व्हिडिओ खेळांत प्रहार शिकणे सर्वांत कठीण असावे, असे बाहेरून पाहणाऱ्यास वाटते. नाम्को या जपानी कंपनीने १९९४ मध्ये आणलेल्या ‘टेकन’ या खेळात मात्र नवशिक्याची परीक्षा मागे सरकण्यात होते. ही चाल कोरियातील खेळाडूंनी घडविली, म्हणून तिला ‘कोरियन बॅकडॅश’ असेच नाव पडले.

जॉयस्टिकची दांडी मागच्या दिशेस दोनदा झटकली की योद्धा चपळाईने एक पाऊल मागे घेतो. परंतु ते पाऊल पुरे होईपर्यंत दुसरे टाकता येत नाही, आणि त्याच्या आरंभी काही क्षण बचावही उघडा पडतो. युक्ती अशी की, पाऊल अर्धे असतानाच दांडी तिरपी, खाली व मागे न्यावयाची. योद्धा वाकू लागतो आणि चालू पाऊल तेथेच तुटते. लगोलग दांडी पुन्हा मागे आणून नवे पाऊल टाकावयाचे. असे एकामागून एक साधले म्हणजे योद्धा जमिनीवरून वाहत जावा तसा दिसतो.

सांगावयास हे दोन वाक्यांचे काम आहे. हाताला ते महिनोन्‌महिने पुरते. पडद्यावरील चित्र सेकंदाला ६० वेळा बदलते आणि सारी जुळणी त्यांतील मोजक्या चित्रांत बसवावी लागते. वाकणे किंचित लांबले तर योद्धा बसूनच राहतो. तिरपी दिशा निसटली तर नुसता चालू लागतो. शिवाय बाजू बदलली की दिशाही उलटतात, त्यामुळे एका बाजूचे कौशल्य दुसऱ्या बाजूस जवळजवळ नव्याने मिळवावे लागते. बहुतेक जण प्रथम वेग साधू पाहतात आणि दांडी घट्ट आवळतात. मग मनगट दुखते आणि चाल येत नाही ती नाहीच. आधी एकच पाऊल सावकाश, स्वच्छ तोडणे बरे. घरातील वडीलधाऱ्यांना मुलगा तासभर नुसता मागेमागे सरकताना दिसला, तर तो हरत आहे असेच वाटावयाचे!

या माघारीत कमाई आहे. प्रतिस्पर्ध्याचा प्रहार चार बोटांनी कमी पडला की, तो स्वतःला सावरीपर्यंत त्याचा बचाव उघडा असतो. तेवढ्यात उलट वार करावयाचा. मात्र ज्या रिंगणाला भिंती आहेत तेथे ही पुंजी मोजूनच खर्चावी लागते. पाठ भिंतीला टेकल्यावर पुढचे हाल विचारू नयेत.

कोरियाचे नाव लागलेली ही विद्या कोरियापुरती मात्र राहिली नाही. लाहोरचे अर्सलान सिद्दीक, ज्यांना खेळाडू अर्सलान ॲश म्हणून ओळखतात, २०१९ च्या फेब्रुवारीत व्हिसा व विमानप्रवासाच्या अडचणींतून कसेबसे जपानमधील फुकुओकाला पोहोचले आणि ‘इव्हो जपान’ स्पर्धा जिंकले. आपल्या देशात आणखीही तोलामोलाचे खेळाडू आहेत, असे त्यांनी तेव्हा सांगितले. अनेकांना ती अतिशयोक्ती वाटली. ऑगस्टमध्ये लास व्हेगासच्या अंतिम सामन्यात त्यांनी ‘नी’ या नावाने प्रसिद्ध असलेले कोरियाचे दिग्गज बे जे-मिन यांना हरविले. हेच बे त्या वर्षी स्वतः पाकिस्तानात सरावाला गेले होते.