सरोवरकांठची सुटी कशी आंखावी ?

सुटी जवळ आली म्हणजे घरोघर महाबळेश्वराचें नांव निघतें. मग दोन दिवसांत किती ‘पॉइंट’ पाहून होतील याचा हिशेब सुरू होतो. मुक्कामाचा विचार अगदीं शेवटीं येतो, व तोही ‘रात्रीं नुसतें निजावयाचेंच तर आहे’ एवढ्यावर आटोपतो. आमच्या मतें हा क्रमच उलटा आहे. आधीं मुक्काम, मग दिनक्रम व सर्वांच्या शेवटीं पॉइंटांची यादी, असा क्रम ठेविला तरच सुटी पदरांत पडते.

मुक्कामास वेण्णा तलावाचा परिसर आम्हांस सर्वांत योग्य वाटतो. बाजारपेठेपासून तलाव सुमारें दोन किलोमीटरांवर आहे. त्यामुळें मुलांस पायीं हिंडतां येतें व प्रत्येक फेरीस मोटारीचें भाडें पडत नाहीं. जागा ठरवितांना नुसतें खोलीचें भाडें विचारूं नये. जेवण धरून एकूण खर्च किती, स्नानास ऊन पाणी केव्हां मिळतें, आजीबाईंस किती पायऱ्या चढाव्या लागतील, हे प्रश्न दूरध्वनीवरून आधींच विचारावे. दिवाळीचे सणाचे दिवस घरीं साजरे करून सुटीच्या उरलेल्या भागांत, शनिवार-रविवार टाळून गेल्यास गर्दी कमी लागते. शिवाय पावसाळा नुकताच संपलेला असल्यानें तलाव भरलेला व रानें हिरवीं असतात.

मे महिन्यांत जाणें आम्हांस तितकेंसें पसंत नाहीं, व त्याचें कारण केवळ खर्च हें नव्हे. हा तलाव १८४२ सालीं साताऱ्याचे आप्पासाहेब महाराज यांनीं बांधविला. महाबळेश्वर व पांचगणी या दोन्ही गांवांस त्याचेंच पाणी जातें. येथें वर्षास पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तरी उन्हाळ्यांत पाण्याची ओढ लागते. पठारावरचा जांभा दगड सच्छिद्र, डोंगराचा उतार तीव्र, आणि पाऊस बहुतेक चार महिन्यांतच पडणारा. त्यामुळें पाणी खालच्या दऱ्यांत निघून जातें. नेमकी त्याच ओढीच्या दिवसांत पाहुण्यांची गर्दी लोटते. ज्या पाण्यावर आपण नौका चालवितों तेंच पाणी तेथील गृहिणीच्या हंड्यांत पडतें, हें विसरून कसें चालेल ? स्नानास एक बादली पुरे करावी आणि कांठावर कागदाचा कपटाहि टाकूं नये. दुसऱ्याच्या घरीं गेलेल्या पाहुण्याचा हा साधा धर्म आहे.

आतां दिनक्रम. तीन दिवस मिळत असतील तर पहिला दिवस तलावासच द्यावा. पहाटेचें धुकें, नौकाविहार, कांठचीं जांभळीचीं झाडें व त्यांवरील बुलबुल हीं घाईनें दिसत नाहींत. नाताळच्या सुटींत जाणारांनीं उबदार कपडे अवश्य न्यावे. कडाक्याच्या थंडींत तलावाच्या परिसरांत दंव गोठतें. दुसऱ्या दिवशीं प्रतापगड पाहावा. परंतु १० नोव्हेंबर १६५९ रोजीं त्याच्या पायथ्याशीं काय घडलें तें आदल्या रात्रीं सर्वांनीं मिळून वाचावें, म्हणजे तटबंदीचे दगड बोलूं लागतात. तिसऱ्या दिवशीं क्षेत्र महाबळेश्वरास जावें. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री व गायत्री या पांच नद्यांचा उगम तेथें मानितात. वेण्णा व कोयना पुढें कृष्णेस मिळून तिच्यासह बंगालच्या उपसागरास जातात, तर सावित्री पश्चिमेस अरबी समुद्रास मिळते. एकाच डोंगरावरचें पाणी दोन समुद्रांस वांटलें जातें, हा भूगोलाचा धडा मुलांनीं तेथें उभें राहून नकाशावर बोटानें गिरवावा.

‘एवढा खर्च करून इतकेंच पाहावयाचें काय ?’ असें कांहीं पालक विचारतील. त्यांची शंका रास्त आहे. सुटी थोडी व पैसा कष्टाचा असतो. परंतु बारा ठिकाणीं मोटारींतून उतरून छायाचित्रें घेणारा मुलगा घरीं आल्यावर त्यांतील कोणतें कोठलें हें सांगूं शकत नाहीं. मोटारीचे पैसे मात्र बारांहि ठिकाणांचे पडलेले असतात. तीन ठिकाणें नीट पाहिलेला मुलगा तीं जन्मभर विसरत नाहीं.

विद्यार्थी मित्रहो, या कामांत तुम्हींहि वांटा उचलावा. एकानें खर्चाची वही ठेवावी, दुसऱ्यानें नकाशा काढावा, तिसऱ्यानें मुक्कामाची चौकशी करावी. वडीलधाऱ्यांनींहि मुलांची योजना ऐकून घ्यावी व ती चुकली तर प्रेमानें सुधारावी. आणि तीन दिवसांतील एक दुपार मुद्दाम मोकळी ठेवावी. वर्षभर घड्याळाच्या कांट्यावर धांवणाऱ्या कुटुंबास कांहीं न करितां एकत्र बसण्याची संधि क्वचितच मिळते. सुटी असते ती तिच्यासाठींच.