फुकटच्या फॉर्मचे पाचशे रुपये कशाला द्यायचे?

दिवाळी आटोपली की आपल्याकडे डीलर टूरचे दिवस सुरू होतात. सिमेंटवाले, रंगवाले, पंपवाले, बियाणे-खतवाले, ज्याचं टार्गेट पूर्ण झालं त्याला कंपनी परदेशात फिरवून आणते, आणि हे परदेश म्हणजे बहुतेक वेळा थायलंड. पिपरी, सावंगी, बोरगाव, सिंदी, आपल्या या सगळ्या मेघे गावांमधले दुकानदार आता बँकॉक-पट्टाया करून येतात. चांगली गोष्ट आहे, कमावलंय म्हणून जाताय. मला बोलायचंय ते निघायच्या तीन-चार दिवस आधी टूरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडणाऱ्या एका मेसेजबद्दल. "थायलंड अरायव्हल कार्ड कंपल्सरी आहे. माणशी 500 रुपये पाठवा आणि पासपोर्टचा फोटो इथेच टाका."

आणि आपण टाकतो! चाळीस जणांच्या ग्रुपमध्ये चाळीस पासपोर्ट. जो माणूस गिऱ्हाइकाला दहा रुपये सुटे परत देताना दोनदा मोजतो, तो पासपोर्टचं पहिलं पान अनोळखी एकोणचाळीस लोकांसमोर ठेवून मोकळा होतो.

आधी हे कार्ड आहे तरी काय ते बघू. पूर्वी थायलंडला जाताना टीएम-6 नावाचा छोटा कागद भरावा लागायचा. नाव, पासपोर्ट नंबर, हॉटेल, सही. पेन एकाकडे आणि मागणारे दहा, असा तो प्रकार. 2022 मध्ये विमानाने येणाऱ्यांसाठी तो कागद थांबवला, आणि 1 मे 2025 पासून त्याच्या जागी ऑनलाइन फॉर्म आला, थायलंड डिजिटल अरायव्हल कार्ड, म्हणजे टीडीएसी. विमानाने या, रस्त्याने या, बोटीने या, थाई नागरिक नसाल तर भरायचा. तिथे पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचा. फी शून्य रुपये. भरला की ईमेलवर क्यूआर कोडसकट कार्ड येतं, ते मोबाइलमध्ये ठेवायचं किंवा प्रिंट काढायची. संपलं.

हे काही एकट्या थायलंडचं खूळ नाही. सिंगापूर 2020 पासून ऑनलाइन कार्ड घेतं, मलेशियाने 1 जानेवारी 2024 पासून सक्ती केली, आणि आपल्या भारतानेही 1 ऑक्टोबर 2025 पासून परदेशी पासपोर्टवाल्यांसाठी ई-अरायव्हल कार्ड आणलं. तुमचा पासपोर्ट भारतीय असेल तर परत येताना तुम्हाला ते भरायचं नाही, कुणी त्याचेही पैसे मागितले तर देऊ नका. खरं तर आपली सवयच मोडलीय. भारतात परतताना भरायचा कागद आपल्यासाठी 2014 मध्ये बंद झाला, आणि विमानाने बाहेर जाताना भरायचा 2017 मध्ये. त्यामुळे फॉर्म म्हटलं की आपल्याला एकदम व्हिसा आठवतो आणि छातीत धडकी भरते.

तर हे कार्ड व्हिसा नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या. थायलंडने जुलै 2024 मध्ये भारतीयांना 60 दिवसांची व्हिसामाफी दिली, तरीही कार्ड आहेच. व्हिसाचे नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढायच्या आधी दूतावासाच्या साइटवर बघून घ्या. सिंगापूरला उलट आहे. तिथे आपल्याला व्हिसाही लागतो आणि कार्डही लागतं. मुलगा तिकडे नोकरीला आणि आईबाबा भेटायला निघालेत, अशा घरांमध्ये हा घोळ हमखास होतो. व्हिसा हातात आला म्हणून कार्ड विसरतात, नाहीतर कार्डाचा ईमेल आला म्हणजे व्हिसा झाला असं धरून चालतात.

आता पैशांचं. तुम्ही उद्यम रजिस्ट्रेशन केलं असेल तेव्हाचं आठवा. सरकारी पोर्टलवर ते फुकट होतं, एक रुपया लागत नाही. पण गुगलवर शोधलं की वरच जाहिरातीतल्या साइट दिसतात, अशोकस्तंभासारखं काहीतरी चित्र, तिरंगी पट्टी, आणि शेवटी पेमेंटचं पान. किती जणांनी तिथे पैसे भरले ते मला क्लासमध्ये हात वर करायला सांगितलं की कळतं. अरायव्हल कार्डाचं हुबेहूब तसंच आहे. दिसायला सरकारी, मागायला डॉलर. थायलंड आणि सिंगापूर, दोन्हीकडच्या सरकारी खात्यांनी अशा साइटपासून सावध राहा म्हणून सांगितलेलं आहे. ओळखायचं कसं? पत्त्याचा शेवट बघायचा. थायलंडचं खरं पान टीडीएसी डॉट इमिग्रेशन डॉट जीओ डॉट टीएच. सिंगापूरच्या सरकारी पत्त्याचा शेवट जीओव्ही डॉट एसजी, मलेशियाचा जीओव्ही डॉट एमवाय. मधे कुठेतरी थायलंड, टीडीएसी, ऑफिशियल असे शब्द कुणीही घालू शकतं. शेवट मात्र तसा घालता येत नाही. आणि कार्डासाठी पेमेंटचं पान उघडलं, की मागे फिरायचं.

पण मला पाचशे रुपयांपेक्षा दुसरी गोष्ट जास्त खटकते. हे कार्ड म्हणजे तुम्ही एका देशाच्या सरकारला तुमच्या नावाने दिलेली माहिती आहे. कुठे उतरणार, कशासाठी आलात, धंदा काय, गेल्या दोन आठवड्यांत कोणकोणत्या देशात होतात. इमिग्रेशनच्या खिडकीवर अधिकाऱ्याने विचारलं, "हॉटेल कोणतं?" तर उत्तर तुम्हाला द्यायचंय, ग्रुप ॲडमिनला नाही. "आपल्याले काय कळते त्यातलं, पोरगं भरते" असं म्हणणारे बरेच भेटतात. अरे भाऊ, जीएसटीचा तुमचा सीए भरतो तेव्हाही नोटीस तुमच्याच नावाने येते ना? भरू द्या पोराला, पण सबमिटचं बटण दाबायच्या आधी शेजारी बसून वाचा.

भरताना कुठे अडतं ते सांगतो. पहिलं नाव. आपल्या मराठी पासपोर्टमध्ये गिव्हन नेमच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, आडनाव वेगळं. कुणाच्या पासपोर्टमध्ये आडनावाचा रकानाच रिकामा असतो. गोंधळ झाला तर फोटोच्या पानावर अगदी खाली दोन ओळी असतात, बाणांसारख्या खुणा असलेल्या. वरच्या ओळीत देशाच्या कोडनंतर आडनाव, मग दोन बाण, मग बाकीचं नाव. मशीन तेच वाचतं, तुम्हीही तेच धरा. आधार कार्डावर काय आहे, दुकानाच्या पाटीवर काय आहे, याचा इथे संबंध नाही.

दुसरं, तारीख. विमान मुंबईहून किंवा कोलकात्याहून रात्री उडालं तर बँकॉकला पोचेपर्यंत तारीख बदललेली असते, शिवाय तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. कार्डावर पोचायची तारीख हवी, निघायची नको. फ्लाइट नंबरही बँकॉकला उतरणाऱ्या विमानाचा. नागपूर-मुंबई विमानाचा नंबर तिथे टाकून काही उपयोग नाही. हॉटेलचा पत्ता मागताना प्रांत, जिल्हा, उपजिल्हा असं सगळं विचारतात, तेव्हा नुसतं "पट्टाया" चालत नाही. टूरवाल्याकडून बुकिंगचा कागद आधीच मागून ठेवा. तो कागद देत नसेल तर तोच जास्त मोठा प्रश्न आहे, कार्डाचं नंतर बघू!

पुढे हॉटेल किंवा विमान बदललं तर त्याच साइटवर जाऊन दुरुस्ती करता येते. नाव किंवा पासपोर्ट नंबर चुकला तर सरळ नवीन कार्ड भरा, तेही फुकटच. घरच्या चौघांचं एकाच वेळी भरायची सोय आहे. हे सगळं मिळून चहा गार व्हायच्या आत होतं असं मी म्हणणार नाही, पहिल्यांदा वीस मिनिटं लागतील. फॉर्म मराठीत नाही, ही अडचण खरी आहे. पण मोबाइलचा कॅमेरा धरून भाषांतर वाचता येतं, आणि इंग्रजीतले शब्द जीएसटीच्या पोर्टलपेक्षा सोपे आहेत.

"कार्ड नसेल तर विमानतळावरून परत पाठवतात" ही भीती घालून पैसे काढले जातात. तिथे उतरल्यावरही मोबाइलवर भरता येतं. फक्त तोपर्यंत ग्रुपची बस बाहेर उभी असते आणि तुम्ही वायफाय शोधत असता, म्हणून घरून भरून निघा. भीती वाटून घेण्याएवढं त्यात काही नाही.

आता थोडं माझ्याच लोकांशी, म्हणजे झेरॉक्स, नेट कॅफे, ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्यांशी. मीही दुकान चालवतो, कुणाच्या पोटावर पाय द्यायला हे लिहीत नाही. ज्याला जमत नाही, डोळ्यांना दिसत नाही, इंग्रजी येत नाही, त्याला भरून देणं हे काम आहे आणि कामाचे पैसे घ्यायलाच पाहिजेत. वीस मिनिटं तुमची गेली, कॉम्प्युटर तुमचा, लाइट बिल तुमचं. शंभर घ्या, जास्त लोकांचं असेल तर ठरवून घ्या. पण "सरकारी फी आहे" असं सांगून घेऊ नका. समजा माणशी 500 प्रमाणे चाळीस जणांचे 20,000 रुपये एका झटक्यात मिळाले. त्यातल्या एकाला जरी बँकॉकमध्ये शेजारच्या टूरवाल्याकडून कळलं की हे फुकट होतं, तर तो परत येऊन सातबाराची प्रिंट तुमच्याकडून काढेल का? गिऱ्हाईक तुम्हाला काही बोलणार नाही, फक्त पुढच्या वेळी समोरच्या दुकानात दिसेल.

म्हणून रेट बोर्डवर दोन रकाने करा. एकात सरकारी फी, दुसऱ्यात आमची मजुरी. अरायव्हल कार्ड: फी 0, मजुरी 100. उद्यम: फी 0, मजुरी तुमची ठरेल ती. आणि काम झालं की गिऱ्हाइकाच्या पासपोर्टचा फोटो त्याच्यासमोर डिलीट करा, डेस्कटॉपवरूनही आणि रिसायकल बिनमधूनही. आणि तो तुमच्या व्हॉट्सअॅपवर आला असेल तर तिथूनही.