एडिटरचा वाद आणि कापसाचा हिशेब

प्रोग्रामच्या आज्ञा ज्या साधनात लिहिल्या, वाचल्या आणि दुरुस्त केल्या जातात, त्याला कोड एडिटर म्हणतात. १९७६ साली ‘व्हीआय’ आणि ‘ईमॅक्स’ हे दोन एडिटर अवतरले, तेव्हापासून त्यांच्या अनुयायांत श्रेष्ठत्वाचा जो वाद जुंपला, तो १९९१ चा ‘व्हिम’ आणि २०१५ चा ‘व्हीएस कोड’ आल्यानंतरही मिटलेला नाही. ज्या यवतमाळ जिल्ह्यात पुसदला १९८३ पासून आणि यवतमाळ शहरात १९९६ पासून अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, तिथेही हा प्रश्न परका नाही.

एडिटरने मुळात किती फरक पडतो, या मुद्द्यावर दोन पक्ष संभवतात. पहिल्याच्या मते ‘टर्बो सी’ या जुन्या साधनाचा निळा पडदा सोडून आधुनिक एडिटर हाती घेतला की प्रोग्रामरची उत्पादकता, म्हणजे ठरावीक वेळेत त्याच्या हातून होणारे बिनचूक काम, आपोआप वाढते. दुसऱ्याच्या मते ही सारी ‘नाचता येईना अंगण वाकडे’ची सबब असून ज्याला येते त्याला नोटपॅडही पुरते. हे दोन्ही पक्ष टिकणारे नाहीत.

पहिल्या पक्षाची चूक एका हिशेबातून उघड होते. ५ क्विंटल कापूस आणि ७,००० रुपये भाव यांचा गुणाकार ‘टर्बो सी’मध्ये ‘इंट’ या पूर्णांक-प्रकारात साठवला, तर ३५,००० ऐवजी उणे ३०,५३६ हे उत्तर येते, कारण तिथे या प्रकाराला १६ बिटांचीच जागा मिळते आणि तीत ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. हा दोष एडिटरचा नव्हे. लिहिलेल्या आज्ञा यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरने आखलेली ती मर्यादा आहे. तोच प्रोग्राम ‘व्हीएस कोड’मध्ये लिहून त्याच जुन्या कंपायलरकडे सोपवला तर उत्तर चुकेल, आणि नोटपॅडमध्ये लिहून ३२ बिटांच्या कंपायलरकडे दिला तर ते बरोबर येईल. ‘टर्बो सी’त एडिटर आणि कंपायलर एकाच खिडकीत नांदत असल्यामुळे एकाचे गुणदोष दुसऱ्याच्या माथी मारले जातात, आणि तुलना ज्याची करायची ते बाजूलाच राहते.

दुसऱ्या पक्षाचे उत्तर मराठी प्रोग्रामरच्या नित्याच्या अडचणीत सापडते. ‘भाव’ हे नाव रोमन लिपीत एके ठिकाणी एका ‘ए’ने आणि दुसरीकडे दोन ‘ए’ंनी लिहिले गेले, तर मूल्य देताना झालेली ही चूक पायथॉन ही भाषा मुकाट्याने पोटात घालते आणि दुसरेच नवे नाव निर्माण करून पुढे जाते. जुना भाव मात्र तसाच राहतो. चांगला एडिटर पहिली दोन अक्षरे टंकताच आधीचे नाव सुचवतो, आणि नाव बदलायचे ठरल्यास प्रत्येक जागी एकदम बदलून देतो. डोळ्यांत तेल घालून शोधण्याचे हे काम यंत्रावर सोपवण्यात कौशल्याचा कमीपणा नाही, जसा तराजू वापरण्यात व्यापाऱ्याचा नाही.

मग तुलनेची कसोटी कोणती? टेरेसा रॉबर्ट्स आणि थॉमस मोरान या संशोधकांनी १९८३ साली ९ एडिटरांचे मूल्यमापन मांडले, तेव्हा तज्ज्ञाला कामास लागणारा वेळ हे एकच माप न लावता चुकांत जाणारा वेळ, नवशिक्याची शिकण्याची गती आणि साधनाचा आवाका हीही मापे लावली. यांपैकी चुकांचे माप सर्वांत मोलाचे होय, कारण प्रोग्रामरचा दिवस टंकण्यापेक्षा वाचण्यात आणि चूक हुडकण्यात अधिक जातो. म्हणून चूक घडणे आणि ती उमगणे यांतील अंतर जो कमी करतो तो एडिटर चांगला. २०१६ साली पुढे आलेल्या ‘लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल’ने नावे सुचवायला आणि चुका दाखवायला लागणारी प्रोग्रामच्या भाषेची जाण एडिटरच्या बाहेर, एका स्वतंत्र प्रोग्रामकडे सोपवण्याची सोय केली, त्यामुळे आज ‘व्हिम’, ‘ईमॅक्स’ आणि ‘व्हीएस कोड’ हे तिघेही तिचा लाभ घेऊ शकतात, आणि जुन्या वादाची धार बोथट होते.

उरलेली निवड परिस्थितीवर सोडणे शहाणपणाचे. संगणकाची मेमरी तुटपुंजी असेल तर हलका ‘व्हिम’ बरा. वीज अवचित जाते तिथे जतन न केलेले लेखन वाचवण्याची सोय पाहावी. आणि जो एडिटर घ्यावा तो मुळापासून शिकावा.

तरीही कापसाचा तो हिशेब विसरता येत नाही. ३२ बिटांत मर्यादा नाहीशी होत नाही, ती २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ वर जाऊन बसते, आणि रुपयांतली मोठी बेरीज तिलाही ओलांडू शकते. नाव चुकू नये म्हणून एडिटर ते सुचवेल. बेरीज किती मोठी होणार, हे कापूस आणि भाव ठाऊक असलेल्या माणसानेच आधी विचारात घ्यायचे असते.