चैनीची मोटार आणि नांदुऱ्याचा उन्हाळा

महायुद्धानंतरच्या अमेरिकन ऐषआरामी मोटारीविषयी आपल्या सुशिक्षित वर्गात दोनच मते आढळतात. एक पक्ष तिला धनमदाचे प्रदर्शन म्हणून नाक मुरडतो. दुसरा मुंबईतील जुन्या मोटारींच्या मिरवणुकीत तिच्या चकचकीत क्रोमपुढे हात जोडून उभा राहतो. पहिला स्वतःस विचारी समजतो, दुसरा रसिक. आमच्या मते बॉनेट उघडून पाहण्याची तसदी दोघांनीही घेतलेली नाही, आणि ह्या आळसाचा भुर्दंड मात्र तिसऱ्यासच बसला आहे.

कॅडिलॅकचेच उदाहरण घेऊ. १९४८ साली तिच्या मागील अंगास जे पंख फुटले ते लॉकहीडच्या पी-३८ ह्या लढाऊ विमानावरून सुचलेले होते. वेगाशी त्यांचा काडीमात्र संबंध नव्हता. त्यांची थट्टा कोणी खुशाल करावी, आम्हीही करू. परंतु पुढल्याच वर्षी त्या गाडीत आठ सिलिंडरांचे, व्ही आकाराचे, वरच्या बाजूस झडपा असलेले नवे इंजिन आले. आधीचे ३४६ घनइंचांचे होते, हे ३३१ घनइंचांचे. वजनाने हलके, आणि तरीही जोर १५० वरून १६० अश्वशक्तींवर गेलेला. १९५० साली फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत अशीच एक कॅडिलॅक, फारसा फेरफार न करता उतरवलेली, दहावी आली. १९५३ पर्यंत तेवढ्याच आकाराच्या इंजिनातून २१० अश्वशक्ती निघू लागली होती. गियर तर हायड्रामॅटिक यंत्रणा आपणहून बदलत असे. ब्रेक मात्र चारही चाकांस ड्रमचेच. हे धूड घाटातून उतरविण्याचे धाडस आम्ही तरी केले नसते.

पण आमचे लक्ष आहे ते १९५३ च्या गाडीतील दुसऱ्याच एका सोयीवर. त्या वर्षी कॅडिलॅकमध्ये, जादा पैसे देणाऱ्यास, वातानुकूलन मिळू लागले. पॅकार्डने तो प्रयोग १९४० सालीच केला होता, पण ती यंत्रणा बंद करावयाची तर इंजिन थांबवून पट्टा काढावा लागे! कॅडिलॅकच्या यंत्रणेत दाबयंत्र इंजिनापाशी, थंडावा देणारा भाग मागे सामानाच्या डिकीत, आणि तेथून पारदर्शक नळ्यांतून गार हवा छताकडे जात असे. दाबयंत्र फिरविण्यास इंजिनाचीच शक्ती खर्ची पडते. मोठे इंजिन हा निव्वळ डौल नव्हता, हे येथे ध्यानात येते.

हिला ‘चैन’ म्हणणाऱ्यांनी मे महिन्यात एकदा नांदुऱ्यास यावे. पारा ४४ अंशांच्या घरात जातो, रस्त्यावरचे डांबर पायतणास चिकटते, आणि दुपारी बाराच्या पुढे खामगावाहून मलकापुराकडे जाणाऱ्या मोटारीच्या खिडकीतून वारा नव्हे, भट्टीची धग आत येते. डेट्रॉइटच्या हवेत जी चैन, ती ह्या प्रांतात प्रकृतिरक्षणाची बाब आहे. वस्तू चैनीची की गरजेची हे तिच्या किमतीवरून ठरवावे की उन्हावरून, हा प्रश्न आमच्या नीतिवाद्यांना सुचलाच नाही.

कोणी म्हणेल, देश गरीब होता, परदेशी गाड्यांचे कौतुक कशास? मान्य. १९५३ साली टॅरिफ कमिशनने येथे सुटे भाग न घडविता केवळ जुळणी करणाऱ्यांना दार दाखविले आणि जनरल मोटर्सने १९२८ पासून चालविलेला शिवडीचा कारखाना १९५४ मध्ये बंद केला. त्याबद्दल आम्ही अश्रू ढाळीत नाही. वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या कारखान्याने येथेच गाड्या घडवाव्यात हा हट्ट योग्यच होता. आमचे भांडण निराळे आहे. गाडीबरोबर तिच्यातील शोधही चैन म्हणून हद्दपार झाले, आणि पुढे दीड लिटरच्या आसपासच्या इंजिनांवर आपण तीन दशके समाधान मानले. गाडी बदलली तरी शब्द बदलला नाही. २०१७ साली वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हाही वातानुकूलन यंत्र २८ टक्क्यांच्या, म्हणजे सर्वांत वरच्या वर्गात घातले गेले.

ह्याची किंमत श्रीमंताने भरली नाही. त्याने यंत्र विकत घेतले. ती भरली नांदुऱ्याच्या १०५ फूट उंच मारुतीला नमस्कार करून कोलकात्याकडे जाणाऱ्या मालमोटारीच्या चालकाने. बाहेर ऊन, पुढे तापलेले इंजिन, पायाखाली तापलेला पत्रा, अशा पेटीत तो दिवसभर बसतो, आणि त्याची डुलकी लागून अपघात झाला की आपण त्याच्या बेफिकिरीवर अग्रलेख लिहितो. नव्या मालमोटारींत चालकाच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले ते १ ऑक्टोबर २०२५ पासून. पॅकार्डच्या त्या ओबडधोबड प्रयोगास तेव्हा पंच्याऐंशी वर्षे झाली होती. आणि नियम नव्या गाड्यांपुरता आहे. जुन्या मालमोटारींचे चालक आजही ओला पंचा डोक्यास गुंडाळूनच नांदुऱ्यावरून पुढे जातात.