‘विंडोज मारून द्या’ म्हणण्याआधी : माकणीसारख्या गावातला नेट कॅफे आणि मुक्त प्रणाली

लोहारा तालुक्यातलं माकणी बाहेरच्यांना माहीत असतं ते निम्न तेरणा धरणामुळे. फार तर १९९३ च्या भूकंपाच्या पट्ट्यातलं गाव म्हणून. या भागातल्या आपल्या वस्तीतल्या पोरांना मात्र वर्षातून दोन-तीनदा तरी एक दुकान गाठावंच लागतं. पूर्वी त्याच्या पाटीवर ‘नेट कॅफे’ असायचं, आता ‘मल्टीसर्व्हिसेस’ किंवा ‘झेरॉक्स व ऑनलाइन फॉर्म’ असतं. बातम्या, रील, निकाल मोबाइलवर दिसतात. पण महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज, जातीचा दाखला, पडताळणी, स्वाधार योजना, पोलीस भरती यासाठी अजून त्या खुर्चीवर बसावं लागतं. म्हणून त्या दुकानातल्या संगणकात काय चालतं, हा आपल्या चळवळीचाही विषय आहे, तो फक्त तंत्रज्ञानाचा म्हणून सोडून चालणार नाही.

तो आत्ताच काढायला एक कारण झालं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार बंद केला. घरगुती वापरासाठी एक वर्षाची सुरक्षा-मुदतवाढ दिली, तीही नोंदणी करणाऱ्यालाच. विंडोज ११ बसवायचं तर टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. तालुक्याच्या ठिकाणी जुन्या बाजारातून आणलेले, कुठल्या तरी कंपनीने काढून टाकलेले संगणक यात बसत नाहीत. म्हणजे चालू स्थितीतली यंत्रं एका तारखेने कालबाह्य ठरली. नवीन घ्यायची तर महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाकडे कर्जाचा अर्ज, जामीनदार, बँकेच्या चकरा.

यावर गावातलं उत्तर ठरलेलं आहे. ‘विंडोज मारून घे.’ काहीशे रुपयांत कोणीतरी पेन ड्राइव्ह घेऊन येतो, अर्ध्या-पाऊण तासात चोरीची विंडोज, चोरीचं ऑफिस आणि चोरीचं फोटोशॉप टाकून जातो. त्यामुळे ‘लिनक्स फुकट आहे’ हा प्रचार आपल्याकडे लागूच पडत नाही. दुकानदार विचारतो, मला विंडोजही फुकटच पडते, मग तुझ्या फुकटात वेगळं काय? हा प्रश्न अगदी रास्त आहे. मुक्त सॉफ्टवेअरवाल्या शहरी मंडळींनी त्याला नीट उत्तर दिलेलं मी फारसं वाचलेलं नाही.

पहिला फरक कायद्याचा. सॉफ्टवेअरची प्रत बेकायदा आहे हे माहीत असून ती वापरणाऱ्याला कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ ब खाली किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. त्यातही एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक आहे. साधी विंडोज रीतसर विकत घेतली, तरी तो संगणक तासावर भाड्याने द्यायची परवानगी त्या परवान्यात नसते. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने २०१० पासून ‘रेंटल राइट्स’ नावाचा वेगळा परवाना ठेवला आहे. प्रामाणिकपणे पैसे मोजणाराही नियमात बसेलच असं नाही. उद्या माकणीत धाड पडेल अशी भीती मी घालत नाही. पण कारवाईचा कागद तयार ठेवायचा आणि तो कोणावर काढायचा हे नंतर ठरवायचं, ही पद्धत आपल्या समाजाला नवीन नाही. आपल्या पोराने दुकान टाकलं असेल तर हा कागद आधीच फाडून टाकलेला बरा.

दुसरा फरक माझ्या मते अधिक मोठा आहे, आणि तो दुकानदाराचा नसून गिऱ्हाइकाचा आहे. फॉर्म भरायला आलेल्या मुलीचं काय काय त्या संगणकात राहतं ते बघा. आधार कार्ड, बँक पासबुक, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला. बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्राकडून मिळाल्या त्या १९९० च्या दुरुस्तीनंतर. त्यामुळे आपल्या दाखल्यावर धर्म आणि मूळ जात या दोन्ही गोष्टी आल्या. हे सगळं ‘डाउनलोड्स’मध्ये पडून राहतं. ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवलेला असतो, व्हॉट्सअॅप वेब उघडं असतं. पोर्टलवर कागद ठरावीक केबीतच चढवायचा असतो, म्हणून फाइल लहान करायला कुठल्या तरी परदेशी फुकट संकेतस्थळावर आधार कार्ड टाकलं जातं. ते तिथून कुठे जातं, कोणी विचारत नाही. त्यात चोरीच्या विंडोजचे अपडेट मुद्दाम बंद ठेवलेले असतात, कारण अपडेट केलं की पकडलं जायची भीती.

याचं काय होतं ते २०१७ च्या मे महिन्यात जगाने पाहिलं. वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस ज्या फटीतून शिरला, ती बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिला होता. ज्यांनी तो घेतला नव्हता, ते सापडले. पुढच्याच महिन्यात तशाच दुसऱ्या हल्ल्यात आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम बंद पडलं. बंदर सावरतं. शिष्यवृत्तीच्या शेवटच्या तारखेला दुकानातल्या फाइली कुलूपबंद झाल्या तर पोराचं वर्ष कोण सावरणार?

लिनक्स मिंट किंवा उबंटूसारख्या प्रणालीत अपडेट घ्यायला कोणाला भ्यावं लागत नाही. विंडोजसाठी लिहिलेले, पेन ड्राइव्हमधून फिरणारे व्हायरस तिथे सहसा चालत नाहीत. मिंटमध्ये ‘पाहुणा’ सत्र सुरू करता येतं : गिऱ्हाईक उठून गेलं, सत्र बंद केलं, की त्याने उतरवलेल्या फाइली, साठवलेले पासवर्ड सगळं पुसलं जातं. फाइल लहान करायचं काम इंटरनेटवर न जाता त्याच संगणकावर होतं. चार जीबी मेमरीच्या जुन्या यंत्रावर हे सगळं बऱ्यापैकी चालतं. २०११ च्या सायबर कॅफे नियमांप्रमाणे ओळखपत्र बघणं आणि नोंदवही किमान एक वर्ष जपणं मात्र सुटत नाही, प्रणाली कुठलीही असो. पण नियम म्हणतो वापरणाऱ्याची नोंद ठेवा. ओळखपत्राची प्रत सोडली तर त्याची बाकीची कागदपत्रं ठेवून घ्या असं तो म्हणत नाही.

आता अडचणी. त्या लपवल्या तर पहिल्याच आठवड्यात दुकानदार परत विंडोज मारून घेईल आणि पुन्हा आपलं ऐकणार नाही. अंगठ्याच्या यंत्राचं सॉफ्टवेअर बहुतेक कंपन्या विंडोज आणि अँड्रॉइडपुरतंच देतात. डिजिटल सहीचं टोकन लिनक्सवर ओळखलं गेलं तरी सही करणारा प्रोग्राम अडू शकतो. गावोगावी दिसणारा कॅननचा तो छोटा एलबीपी २९०० प्रिंटर लिनक्सवर फार छळतो. एचपीचे आणि एपसनचे टाकीवाले प्रिंटर मानाने गुणी. पासपोर्ट फोटोसाठी ज्याचा हात फोटोशॉपवर बसला आहे त्याला गिंप पहिले पंधरा दिवस नकोसं वाटतं. आणि मराठी! श्रीलिपी, कृतिदेव, आयएसएम यांच्या जुन्या फाँटात टाइप केलेले अर्जाचे नमुने, पत्रिका, जयंतीची निवेदनं लिनक्सवर उघडली की नुसती गिचमिड दिसते. युनिकोड मराठी मात्र तिथे चांगलं चालतं, इनस्क्रिप्ट कीबोर्ड वेगळा विकत घ्यावा लागत नाही. आपल्या संघटनांनी आपली पत्रकं युनिकोडमध्ये करणं हे तसंही राहिलेलं काम आहे.

म्हणून सगळं एकदम बदला, असं मी कोणाला सांगणार नाही. तीन-चार संगणक असतील तर अंगठा आणि सहीसाठी एकावर परवान्याची विंडोज ठेवावी, बाकीचे लिनक्सवर न्यावेत. अर्ज भरणं, स्कॅन, निकाल, ईमेल, बायोडाटा ही कामं ब्राउझर आणि लिबरऑफिसवर होतात.

हे आपल्याकडे का झालं नाही, याचं कारण तंत्रात शोधू नये. २००१ पासून एमएस-सीआयटीने महाराष्ट्रातल्या लाखो मुलांना संगणक शिकवला, सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात संगणक म्हणजे विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस. फी भरून आपण एका कंपनीचं गिऱ्हाईक व्हायला शिकलो. त्याच वर्षी तिरुवनंतपुरममध्ये रिचर्ड स्टॉलमन यांच्या उपस्थितीत भारतातल्या मुक्त सॉफ्टवेअर प्रतिष्ठानचं उद्‌घाटन झालं. पुढे केरळने सरकारी शाळांमधला संगणक मुक्त प्रणालीवर नेला. तिथल्या ‘काइट’ या संस्थेने २०१९ मध्ये दोन लाखांवर शालेय संगणकांचा आणि सुमारे तीन हजार कोटी रुपये वाचल्याचा दावा केला. कोटींचा हिशेब बाजूला ठेवा, तो संस्थेचा स्वतःचा आहे. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की त्यांनी आधी शिक्षक तयार केले. यंत्र अडलं तर शाळेतच कोणीतरी ते सोडवणारं होतं. आपल्याकडेही सी-डॅकने २००७ मध्ये ‘बॉस’ ही भारतीय भाषांची लिनक्स प्रणाली काढली, केंद्राने २०१५ मध्ये सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण जाहीर केलं. माकणीतल्या दुकानापर्यंत त्यातलं काय आलं?

बोले ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेने तो स्वीकारला १९२४ मध्ये, आणि चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत आलं ते २० मार्च १९२७ ला. कागदावर खुलं असणं आणि हाताला लागणं यातलं अंतर आपल्याइतकं कोणाला ठाऊक आहे? मुक्त प्रणालीचा परवाना वापरायला, उघडून बघायला, बदलायला आणि वाटायला सगळ्यांना मोकळीक देतो. पण ती बसवून देणारा, प्रिंटर अडला तर फोन उचलणारा माणूस गावात नसेल तर ती मोकळीक लातूर-पुण्याच्या अभियांत्रिकीच्या वसतिगृहातच राहते.

तो माणूस तयार करणं आपल्या हातात आहे. प्रत्येक तालुक्यात आपली दोन-चार पोरंपोरी पॉलिटेक्निक, आयटीआय किंवा बीसीए करतात. जयंतीचा मंडप आणि डीजे यांच्या वर्गणीतून एक जुना संगणक आणि चार पेन ड्राइव्ह सहज निघतात. मिंट पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, आतल्या विंडोजला हात न लावता. आधी दुकानदारासमोर त्याचा स्वतःचा प्रिंटर आणि स्कॅनर त्यावर चालतो का ते बघावं. चालत नसेल तर ते दुकान तूर्त सोडून द्यावं. चालला तर त्याच्या मागच्या कोपऱ्यातलं, कमी वापराचं यंत्र मागावं. आणि हे सगळं एप्रिल-मे मध्ये करावं. दहावी-बारावीचे निकाल लागले आणि प्रवेश सुरू झाले की त्या दुकानात बाहेरपर्यंत रांग असते, आणि तेव्हा चालत्या संगणकाला कोणी हात लावू देत नाही.