अनंताला रोजचा तांब्या कशाला?



"रोज तांब्याभर पाणी घालते, तरी अनंताच्या कळ्या गळतात!" अगं, बऱ्याचदा त्या तांब्यामुळेच गळतात. पावसाळ्यात माती आधीच भिजलेली असते. वरून आणखी ओतलं की मुळं कुजतात. थंडीत दोन बोटं खोल माती कोरडी लागली, तरच घालावं. खरी गरज उन्हाळ्यात, कळ्या धरताना. तेव्हा सकाळी बुंध्याशी, मुळांपर्यंत मुरेल इतकं द्या. बोअरच्या जड पाण्याने पानं पिवळी पडतात. पावसाचं झाकून साठवलेलं उत्तम.

"नेम मोडतो" म्हणू नका. पाण्याच्या थेंबात असंख्य जीव मानणाऱ्या आपण. मग गरज नसताना ओतणं ही सेवा कशी? नेम धरायचाच, तर आधी माती चाचपण्याचा धरा.